डोंगरकड्याचा माणूस बर्नहॅमच्या रानात

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाकडून लोकांच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. त्याने टेम्स नदीवरच्या पुलांविषयी बोलावे, टॉवरमधला कोहिनूर आठवून एक उसासा टाकावा, तिथल्या पावसाला यथेच्छ नावे ठेवावीत आणि शेवटी 'पण शिस्त मात्र त्यांच्याकडूनच घ्यावी हं!' असे म्हणून सुपारी कातरावी. मीही हे सारे यथासांग पाहिले. पण नांदेडला परतल्यावर शेजारच्या वकीलसाहेबांनी 'काय काय पाहिलंत?' असे विचारले, तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघून गेले, 'मुंडकी छाटलेली झाडं पाहिली.'

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. 'झाडं? झाडं बघायला सात हजार किलोमीटर गेलात?'

त्याचीच ही हकीकत आहे. मात्र ती सांगण्याआधी मला आमच्या गावी जाऊन यावे लागेल.

मी मूळचा डोंगरकड्याचा. हे नाव ऐकले की पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा एखादा ताशीव कडा उभा राहतो. तसे काही मनात आणू नये. औंढ्या नागनाथाचा आणि नर्सी नामदेवाचा जो हिंगोली जिल्हा, त्याच्या कळमनुरी तालुक्यातले हे गाव. मी जन्मलो तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला आणि पत्त्यातला जिल्हा बदलला. गाव होते तिथेच राहिले. काळी जमीन, ऊस, हळद आणि केळी. केळीच्या बागांतून वारा सुटला की जी फडफड होते, ती ऐकल्याशिवाय मला गावी आल्यासारखे वाटत नाही.

आमच्या शेतात आखाड्याला लागून आजोबांनी लावलेली आमराई आहे. (आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात, तिथे कुस्त्या होत नाहीत.) आमराई हा शब्द जरा मोठा झाला. एके काळी अकरा झाडे होती, आज सहा आहेत. पण प्रत्येक झाडाला नाव आहे. ज्याच्या आंब्याच्या गालावर शेंदूर चढतो तो शेंदऱ्या. ज्याचा गर कच्चेपणी खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या. साखऱ्याविषयी सांगायला नकोच. भोपळ्याचे फळ आकाराने थोर आणि चवीने शून्य, पण लोणच्याला त्याच्या तोडीचे दुसरे नाही. ही सारी गावरान, रायवळ मंडळी. शहरातल्या बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. हापूस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच जातो. घरचा आंबा म्हणजे आढीतून काढून, बोटांनी माचून, देठ मोडून चोखायचा तो. नागपंचमीचा झोका शेंदऱ्याच्या आडव्या फांदीला बांधायचा, हेही ठरलेले. माझ्या तिन्ही बहिणी त्या फांदीवर झोके घेऊन सासरी गेल्या.

१९७२ च्या दुष्काळात आरागिरणीवाला दारात आला होता. घरात मिलो ज्वारीच्या भाकरी होत होत्या. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, 'लाकूड एकदाच विकलं जातं, बाबा.' तो गेला. आम्ही भावंडे ओसरीवरून हे पाहत होतो. पुढे मी शिकलो, नांदेडला शाळेत मास्तर झालो, तिथेच घर केले आणि वयपरत्वे निवृत्तही झालो. ही वडिलांची गोष्ट मी वर्गात मुलांना किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. वृक्षारोपणाच्या दिवशी तर हमखास सांगायची.

गावी शेती पाहिली ती अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी. दर मे महिन्यात एसटीच्या गाडीवर त्यांनी घातलेली आंब्यांची पेटी नांदेडला यायची. चाळीस वर्षे आली. मी स्टँडवर जाऊन ती उतरवून घ्यायचो. माझे कष्ट एवढेच.

असो. आमचे चिरंजीव इंग्लंडात स्लाव नावाच्या गावी असतात. लंडनच्या पश्चिमेला, विमानतळापासून जवळ असलेले हे गाव. तिथे मराठी बिऱ्हाडे इतकी आहेत, की दिवाळीच्या सुमारास रस्त्याने चालताना चकलीच्या भाजणीचा वास आला आणि ही, म्हणजे आमची सौभाग्यवती, जागच्या जागी थांबून म्हणाली, 'अहो, मोहन कमी पडलंय.' अशा त्या गावी आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी गेलो होतो. ऑक्टोबर उतरत आला होता. एका शनिवारी रात्री जेवणे चालली असताना गावाहून अण्णांचा निरोप आला. आधी व्हॉट्सॲपवर एका कागदाचे चित्र आले आणि मागोमाग फोन.

कागद संमतिपत्राचा होता. आंबा तोडायला सरकारी परवानगी लागते. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, आणि त्यात जी झाडे सांगितली आहेत त्यांत साग, मोह, चिंच यांच्याबरोबर आंबाही आहे. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे. तेव्हा अर्जावर सही दोघांची हवी.

'सहाच्या सहा काढायलोय,' अण्णा म्हणाले. 'आरामशीनवाला चांगला भाव देऊ म्हणतो. सावलीनं अर्धा एकर वाया चाललंय. सावटाखाली केळी धरत नाही. आंबे एक साल येतेत, एक साल येतच नाहीत. आले तर वानरं ठेवीत नाहीत. राखायला माणूस मिळत नाही. तू सही करून फोटो पाठव, अस्सल कागद पुन्हा देशील.'

मी म्हणालो, 'अण्णा, वडिलांनी बहात्तरात…'

'ते मला सांगू नको,' अण्णा म्हणाले. 'तवा मी तिथंच हुतो.'

मी 'विचार करून सांगतो' म्हणालो आणि फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही. अण्णांचा राग आला होता, हे खोटे कशाला बोलू? आमच्या भागातून चौपदरी महामार्ग गेला तेव्हा जुने वड, लिंब आणि चिंचा गेल्या. त्यावर मी एका वर्तमानपत्राला पत्रही लिहिले होते. आता घरचीच कुऱ्हाड!

सकाळी चिरंजीव म्हणाले, 'बाबा, आज बर्नहॅम बीचेसला जाऊ.' ते ऐकून हिने आपल्या चपला, एक जादा लुगडे, चटई आणि भेळेचे साहित्य काढले. गाडीत बसल्यावर विचारते, 'समुद्र किती लांब आहे?' बीच म्हणजे चौपाटी, एवढे इंग्रजी तिला पक्के ठाऊक. आमची आठ वर्षांची नात पोट धरधरून हसली. हे बीच म्हणजे झाडाचे नाव. आपल्याकडे ते नाही, तेव्हा त्याला मराठी नावही नाही. चपला मात्र त्या दिवशी चिखलात पडल्या, हे हिच्या वतीने नमूद करतो.

स्लावहून उत्तरेला गाडीने वीसेक मिनिटांत फार्नहॅम कॉमन नावाचे खेडे लागते आणि त्याला चिकटूनच हे रान. सुमारे ५४० एकरांचे. आपल्याकडच्या अरण्यांपुढे हे म्हणजे परसबाग. ताडोब्याच्या वाघाने त्यात एक आळस दिला तरी शेपूट बाहेर जाईल. वाघ सोडाच, भीती वाटावी असे तिथे काहीही नाही. खारी आहेत, त्याही करड्या, मूळच्या अमेरिकेतून आणलेल्या. पण गाडीतून उतरून आम्ही आत शिरलो आणि चौघेही एकदम गप्प झालो.

पानगळीचा ऐन भर होता. हळद दळणाऱ्या गिरणीत उन्हाची तिरीप शिरल्यावर हवा जशी पिवळी होते, तशी त्या रानातली हवा होती. वर पिवळे, खाली तांब्याचे आणि मधे राखी रंगाची खोडे. बीचची साल अगदी गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखी. पायांखाली पानांचा थर एवढा, की चालताना पाण्यातून चालल्यासारखा आवाज होत होता. मधेच एखादे सदाहरित हॉलीचे झुडूप, लाल पडलेले नेचे, ओल्या बुंध्यांवर भूछत्रे. थंडी होती, पण बोचरी नव्हती.

आणि मग ती झाडे दिसू लागली. त्यांचे खोड पुरुषभर, दीड पुरुष उंचीवर एकाएकी संपलेले, आणि त्या ठिकाणाहून आठदहा जाड फांद्या आकाशाकडे गेलेल्या. मूठ आवळून धरलेल्या हातातून बोटे फुटावीत तशा. खोडे विलक्षण जाड, गाठाळलेली, कित्येक पोकळ. एका पोकळीत नातीने डोके घातले आणि 'आजोबा, आत खोली आहे!' म्हणून हाक मारली. ती हाक खोडातून घुमत आली.

तिथे रानाची देखभाल करणाऱ्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ भेटले. गळ्यात दुर्बीण, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. इंग्रज माणूस अनोळख्याशी बोलत नाही असे आपण वाचलेले असते. झाडांचा विषय काढून पाहावा. तो थांबत नाही.

त्यांनी सांगितले ते असे. ही झाडे कोणी सूड म्हणून तोडलेली नाहीत. पूर्वी आसपासच्या गावकऱ्यांना या रानातून सरपण घ्यायचा आणि गुरे चारायचा हक्क होता. झाड जमिनीलगत तोडले तर नवे फुटवे गुरे खातात. म्हणून ते गुरांच्या तोंडाला पोचणार नाही अशा उंचीवर तोडायचे. काही वर्षांनी फुटवे मनगटाएवढे, मांडीएवढे झाले की पुन्हा तोडायचे. खाली गुरे चरतात, वर सरपण वाढते. शेकडो वर्षे हे चालले. मला आमच्याकडचे शेळ्यांमागचे गडी आठवले. आकड्याने बाभळीचे, लिंबाचे डहाळे छाटीत फिरणारे. कोकणात भाजवळीसाठी टहाळ तोडतात, तेही आठवले. म्हटले, 'म्हणजे माणसाने या झाडांना सुखाने जगू दिले नाही.'

गृहस्थ हसले. म्हणाले, 'उलट आहे. छाटली म्हणूनच ती इतकी जगली.'

साधे बीचचे झाड उंच वाढते आणि दोनअडीचशे वर्षांत म्हातारे होऊन कोसळते. छाटलेल्याचा डोलारा लहान राहतो, वाऱ्याला सापडत नाही, दर वेळी नव्याने फुटते. त्यामुळे इथली झाडे चारचारशे वर्षांच्या घरातली आहेत. मग सुमारे दोनशे वर्षांपूर्वी स्वस्त दगडी कोळसा घरोघर आला, सरपणाची गरज संपली, कुऱ्हाड थांबली. आणि कुऱ्हाड थांबल्यावर झाडे संकटात आली! छाटायचे राहून गेलेले फुटवेच आता स्वतः वृक्षाएवढे झाले आहेत, आणि पोकळ खोडाला त्यांचे ओझे पेलवत नाही. वादळात खोड उभे चिरते. ते वाचवायचे तर भार उतरवायला हवा. पण एकदम सगळे डोके उतरवले तर म्हातारे झाड पुन्हा फुटतच नाही, मरते. म्हणून आता जाणती माणसे दोरांवर लोंबकळून थोडे आज, थोडे काही वर्षांनी, असे छाटीत असतात. एका झाडाचे काम पुरे व्हायला माणसाची नोकरी संपते.

मी त्या गाठाळ मुठींकडे पुन्हा पाहिले. मास्तरकीच्या आयुष्यात मी मुलांना एकच शिकवले होते: झाड तोडू नये. त्या धड्यात कुठेतरी एक पान गळले होते खरे.

पुढे एका कुंपणात एक ओक उभा आहे. त्याला 'ड्रुइड्स ओक' म्हणतात. आठशे वर्षांहून अधिक वयाचा, आतून पोकळ, काही फांद्यांना पाने असलेला. मी मनाशी हिशेब केला. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तेव्हा हा गृहस्थ ऐन उमेदीत असणार. इथे झाडांना नावे असतात हे पाहून मला फार बरे वाटले. मेंडेल्सन नावाचा मोठा जर्मन संगीतकार इथे येऊन एका बीचखाली बसत असे. ते झाड 'मेंडेल्सनचे झाड' म्हणून ओळखले जाई. १९९० च्या वादळात ते पडले. आमच्या भोपळ्याखाली असा कोणी बसला नाही, पण लोणचे मात्र पुष्कळ झाले.

वाटेत एक वाळकी फांदी पडलेली होती. चांगली हातभर जाड, कोरडी ठणठणीत. हिने ती बघितली, मी बघितली. आमच्या पिढीच्या माणसाला असले सरपण सोडून जाववत नाही. मी वाकलो तोच नात ओरडली, 'आजोबा, नको! ते किड्यांचं आहे!' खरेच, तिथे पडलेले लाकूड मुद्दाम पडू देतात. कुजक्या लाकडात वाढणारे भुंगेरे, बुरश्या आणि त्यांवर जगणारे पक्षी यांच्यासाठी. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत त्या फांदीची चूल पेटली असती. ज्याच्या घरी गॅस आहे त्याला किड्यांची काळजी करता येते, असा एक कडवट विचार माझ्या मनात आला. तो मी बोललो नाही. सुटीचा दिवस होता.

रानाच्या मोकळ्या भागात गायी चरत होत्या. पांढऱ्या अंगाच्या, काळ्या कानांच्या. आमच्या लाल कंधारीपुढे रूप काहीच नाही, पण पोसलेल्या. कुंपण कुठे दिसेना, गुराखीही नाही. तेव्हा त्या गृहस्थांनी गायींच्या गळ्यांतले पट्टे दाखवले. गाय ठरलेल्या हद्दीपाशी आली की पट्टा आधी आवाज करतो, तरी पुढे गेली तर सौम्य झटका देतो. गायी आवाजावरच वळतात म्हणे. 'असा एक पट्टा तुमच्या बाबांना हवा,' ही चिरंजीवांना म्हणाली. कशासाठी, ते तिने सांगितले नाही.

मग उपाहारगृहात चहा घेताना मी या रानाची खरी गोष्ट वाचली, आणि तिथे माझा चहा निवला.

१८७९ साली हे रान विकायला निघाले होते. ज्या मोठ्या जमीनदारीचा तो भाग होता, तिचा लिलाव पुकारला गेला. उत्तम बंगले बांधायला योग्य अशी जागा, अशी तिची जाहिरात. म्हणजे आजच्या भाषेत प्लॉटिंग! फ्रान्सिस हीथ नावाचा एक निसर्गलेखक होता. त्याने या झाडांवर पुस्तक लिहून आरडाओरडा केला. आता, लेखकाच्या ओरडण्याने झाडे वाचत असती तर काय हवे होते? पण याचे ओरडणे योग्य कानांवर पडले. लंडनच्या पोटात एक चौरस मैलाचा जुना व्यापारी भाग आहे. त्याला नुसते 'सिटी' म्हणतात आणि त्याचा कारभार पाहणारी शतकानुशतकांची एक नगरसंस्था आहे. तिने १८७८ मध्ये पार्लमेंटकडून एक कायदा करून घेतला होता, की शहरापासून पंचवीस मैलांच्या आतली मोकळी जागा लोकांच्या विसाव्यासाठी तिला विकत घेऊन राखता यावी. बर्नहॅम त्या पंचवीस मैलांत बसत होते. सर हेन्री पीक नावाच्या श्रीमंत गृहस्थाने लिलावातली जमीन घेतली, घरे बांधण्याजोगा भाग स्वतःकडे ठेवला आणि रानाचा भाग १८८० साली त्या नगरसंस्थेला दिला. दिला म्हणजे दान नव्हे. तिने तो पैसे मोजून विकत घेतला. तेव्हापासून आजपर्यंत तीच संस्था त्याचा खर्च करीत आहे. मधे दुसऱ्या महायुद्धात लष्कराने इथे मोटारींचा तळ केला, रान लोकांना बंद झाले, झाडांखाली फौजेच्या गाड्या उभ्या राहिल्या; युद्ध संपल्यावर ते पुन्हा उघडले.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले: पैसे मोजून विकत घेतला. जमीनदाराला 'तुझ्या वाडवडिलांची आठवण ठेव' असे कोणी सांगत बसले नाही. ज्यांना झाडे हवी होती त्यांनी झाडांची किंमत दिली.

तिथून आम्ही स्टोक पोजेसला निघालो. रानाभोवतीचा तो मुलूख मोठा देखणा आहे. हलके चढउतार, झाडांच्या कुंपणांनी आखलेली हिरवी शेते, मधूनच विटांचे लाल घर. चिरंजीवांनी गाडी एके ठिकाणी लावली आणि म्हणाले, 'इथून शेतातून जाऊ.' मी दचकलो. कोणाच्या शेतातून? पण तिथे लाकडी खांबावर 'सार्वजनिक पायवाट' अशी पाटी होती. शेत खाजगी, त्याच्या मधून जाणारी वाट सर्वांची. शेतकऱ्याने कुंपणात माणसापुरते फाटक ठेवलेले, वाटेपुरते पीक सोडलेले. १९४९ साली यांनी कायदा करून देशभरच्या अशा वाटा नकाशावर पक्क्या नोंदवायला घेतल्या. ज्या वाटेने लोक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ती बंद करता येत नाही.

हे वाचणारांपैकी ज्यांची मुळे खेड्यात आहेत त्यांना माझ्या पोटात काय झाले ते कळेल. आपल्याकडे पाणंद आणि शिवरस्ते आहेत, नकाशावर आहेत. दोन्ही बाजूंचे दोन सज्जन दर पेरणीला एकेक तास आत नांगरीत येतात आणि दहा वर्षांत बैलगाडीची वाट बैलापुरती उरते. मग तहसीलदाराकडे अर्ज. त्यासाठी मामलेदार न्यायालयांचा १९०६ चा कायदा आहे, आणि आमच्या अण्णांच्या वहीत त्याच्या तारखाही आहेत. ऊस तोडणीला आला की वाटेसाठी शेजाऱ्याच्या पाया पडण्याची वेळ त्यांच्यावर तीन वेळा आली. मी तेव्हा नांदेडला 'ग्रामजीवनातील सहकार' या विषयावर बोलत होतो.

स्टोक पोजेसच्या देवळापाशी, म्हणजे सेंट जाइल्सच्या चर्चपाशी, टॉमस ग्रे पुरलेला आहे. १७५१ साली ज्याची प्रसिद्ध विलापिका छापली गेली तो कवी. नांदेडला पीपल्स कॉलेजात आमच्या सरांनी ती आम्हांला शिकवली होती. दिवेलागणीची वेळ, दमून घरी चाललेला नांगऱ्या, आणि स्मशानात निजलेली, कोणालाही नाव ठाऊक नसलेली गावची माणसे, असा तिचा विषय. सर शिकवताना हिंगोली-परभणीकडची आम्ही पोरे गप्प बसून ऐकायचो, कारण तो नांगऱ्या आमच्या घरचाच होता. हा ग्रे १७३७ साली, विशीत असताना, बर्नहॅमला मावशीच्या यजमानांकडे सुटीला आला होता आणि या बीचच्या रानाविषयी त्याने आपल्या मित्राला मोठे गमतीदार पत्र लिहिले होते. १७७१ साली तो वारला आणि आपल्या आईच्याच थडग्यात त्याला जागा मिळाली. चर्चच्या भिंतीशी विटांचे साधे थडगे आहे. जवळच्या मैदानात त्याचे भले थोरले स्मारक नंतर कोणा श्रीमंताने उभारले आहे. ते मला आवडले नाही.

ही आणि नात बाकावर भेळ खात बसल्या. मी थडग्यापाशी उभा होतो. दुपारचे साडेतीन वाजले होते, म्हणजे गावी रात्रीचे आठ. मी फोन लावला.

'अण्णा, आरामशीनवाला किती देतो म्हणाला?'

अण्णांनी आकडा सांगितला.

'आणि अर्ध्या एकरात केळी धरली तर वर्षाला काय सुटेल?'

'का? सही करायची का न्हाई ते सांग की.'

'नाही करायची. पण आरामशीनवाल्याचा आकडा मी देतो. आणि त्या अर्ध्या एकराचं जे वर्षाला बुडतं त्यातलं निम्मं दर वर्षी माझं. जमीन दोघांची आहे, सावली दोघांची आहे. आजवर ती तुम्ही एकट्याने सोसली.'

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटले, फोन तुटला. मग अण्णा एकदम भडकले. 'पैसे दाखवायलास मला? ईलायतेत जाऊन दीडशहाणा झालास का? मी काय आंबे तुला ईकले हुते आजवर?'

'नाही. म्हणूनच म्हणतो.'

पुन्हा शांतता. मागे कोणीतरी कुत्र्याला हाड्‌हुड्‌ केलेले ऐकू आले. वहिनींचा आवाज आला, 'भावजींनी जेवण केलं का इचारा.' इंग्लंडात तेव्हा दुपार होती हे त्यांना कोण सांगणार!

मी अण्णांना त्या छाटलेल्या झाडांची गोष्ट सांगितली. खोड ठेवून भार कसा उतरवतात, एकदम का तोडीत नाहीत, सगळे. हेही सांगितले, की आंबा म्हणजे बीच नव्हे, तेव्हा कृषी विद्यापीठातल्या जाणत्याला परभणीला जाऊन विचारू. पण जुन्या आंब्याच्या फांद्या उतरवून त्याला नवी पालवी आणतात हे मी ऐकून आहे. सावट कमी होईल, वानरांना उड्या मारायला जागा कमी होईल, झाड राहील.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. शेतकऱ्याला झाडाविषयी मास्तराने सांगितलेले ऐकायची सवय नसते, तरी घेतले. मग म्हणाले, 'तिथं त्यांनी किती दिलं म्हनलास त्या रानाला?'

'आकडा लिहिलेला नव्हता.'

'ते पाह्यचं हुतं.'

'पाहतो.'

'पैशाचं तू आल्यावर बोलू,' अण्णा म्हणाले. 'त्या मशीनवाल्याला मी उद्या नको म्हणून सांगतो. पण खोबऱ्याची एक फांदी आखाड्याच्या पत्र्यावर आली हाय, ती काढावीच लागंल. अन्‌ शेंदऱ्याची झोक्याची फांदी ठिवायची का न्हाई ते बहिणींना इचारून घे, मी त्यांच्या तोंडी लागत न्हाई.'

फोन ठेवून मी बाकापाशी आलो. भेळ संपली होती. माझ्या वाटणीची कागदात बांधून ठेवली आहे असे ही म्हणाली. कागद उघडला तर त्यात फक्त शेव होती.